जोड नसलेली स्टिक

बाबांनी टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले, तिथे भलीमोठी काळी स्टिक आडवी ठेवली आणि नव्या सुनेची ओळख करून द्यावी तशा आवाजात म्हणाले, "ही बघा. एकसंध. वरपासून खालपर्यंत एकही जोड नाही."

घड्याळात साडेआठ वाजले होते. अकरा वाजता बर्फाच्या मैदानावर मुलींच्या हॉकी संघाची निवड होती. घरातली बारा वर्षांची मुलगी त्यासाठी वर्षभर पहाटे उठत होती. ती स्केट्सवर अशी गरकन वळायची की तिला सगळे भिंगरीच म्हणत. गेल्या वर्षी यादीत तिचं नाव एका जागेने हुकलं होतं. यंदा हुकलं तर वयाची मर्यादा ओलांडली जाणार होती, आणि मग त्या संघात खेळण्याचा विषयच मिटला असता.

त्यातच कालच्या सरावात तिच्या स्टिकचं पातं तडकलं.

ज्यांनी बर्फावरची हॉकी पाहिली नाही, त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की स्टिकला एक लांब दांडा असतो आणि खाली चकती मारायचं वाकडं पातं असतं. काही स्टिक साच्यातून अख्ख्या निघतात. काहींमध्ये दांडा वेगळा, पातं वेगळं. पोकळ दांड्याचं टोक गरम करायचं, पात्याच्या मानेला डिंक लावायचा, मान आत सरकवायची आणि गार होऊ द्यायचं. भिंगरीची स्टिक अशी दोन तुकड्यांची होती. दांडा मूळचा आत्याचा. आत्या त्यावर दहा वर्षं खेळली, भिंगरी तीन वर्षं. तेवढ्या वर्षांत सात पाती आली आणि गेली. दांडा तोच राहिला.

आजही आत्या पिशवीत आठवं पातं आणि डिंकाची एक कांडी घेऊन सकाळीच दारात उभी होती. बाबांची ती थोरली बहीण. बाबांनी पन्नाशी गाठली तरी ती त्यांना बाळ्याच म्हणायची.

"बाळ्या, पाच मिनिटांचं काम होतं. ही तोफ कशाला आणलीस?"

"ताई, मी प्लंबर आहे," बाबा म्हणाले. "तीस वर्षांत मला एकदाही कुणी पाईप गळतोय म्हणून बोलावलेलं नाही. गळतो तो जोड. जिथे जोड, तिथे गळती. पोरीने चकतीला मारलेला अर्धा जोर त्या सांध्यातच गळून जातो!"

"आणि जोड नसते तर तू तीस वर्षं घरी बसला असतास."

"ते वेगळं."

"बाळ्या, ही हलकी असेल, जोरही सरळ पोचत असेल, मी नाही म्हणत नाही. पण मोडतं ते बहुतेक पातंच. एक दात पडला म्हणून कुणी जबडा बदलतं का?"

भिंगरीने नव्या स्टिकवरून बोट फिरवलं. स्टिक सुंदर होती. बाबा तिच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होते की ती म्हणाली, "छान आहे, बाबा." मग हळूच विचारलं, "पण माझा दांडा कुठाय?"

बाबांनी चहा प्यायला सुरुवात केली. कप रिकामा होता.

"अहो, तिने काहीतरी विचारलंय," आई शिलाई मशिनवरून म्हणाली. आई लोकांचे कपडे लहानमोठे करून द्यायची, आणि माणूस कुठे कमी पडतोय हे तिला लांबूनही दिसायचं.

"आहे. कामाला लागलाय."

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी लॉन्ड्रीतून फोन आला. छताखालचा पाईप लोंबत होता. गाडीत दुसरं काही लांब, मजबूत असं नव्हतंच. मग त्याचाच टेकू दिला." बाबा घाईघाईने पुढे म्हणाले, "उद्या लोखंडी पट्टी मारून परत आणतो! आज काढला तर दहा मशिनं पाण्यात जातील."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याच्यावर माझी बोटं बसलीयेत, बाबा. न बघता कळतं कुठे धरायचं ते."

त्यावर बाबांनी करवत काढली.

स्टिक मोठ्या माणसाच्या मापाची होती. वरून कापून भिंगरीच्या उंचीला आणायची होती. दुकानदाराने सांगितलं होतं, हनुवटीपर्यंत. बाबांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं, स्टिक शेजारी धरली आणि पेन्सिल कानावरून काढली.

"बाबा, पण स्केट्स..."

"हलू नकोस."

"हलत नाहीये, सांगतेय की..."

"बोललीस की हनुवटी हलते."

भिंगरीने हनुवटी आवळली. आई म्हणाली, "अहो, थोडी माया ठेवा." शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे कपडा सैल करायचा झाला की तीच कामी येते. बाबा म्हणाले, "प्लंबिंगमध्ये माया नसते. माप म्हणजे माप." आणि त्यांनी चार झटक्यांत स्टिक कापली. काप अगदी सरळ आला. त्याचं कौतुक करायला त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

भिंगरीने स्केट्स चढवल्या, पात्यांवर रबरी टोप्या बसवल्या आणि टकटक करत स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभी राहिली. ती चार बोटं उंच झाली होती. स्टिक गळ्याच्याही खाली राहिली.

"हेच सांगत होते," भिंगरी म्हणाली. "माप स्केट्स घालून घेतात."

आईने मशिन थांबवलं.

"चार बोटं तर आहेत," शेवटी बाबा म्हणाले. "दांडा पोकळ आहे. वरून लाकडाची खुंटी ठोकली की झालं."

"म्हणजे जोड," आत्या म्हणाली.

"जोड नाही. वाढ."

लाकूड शोधताना बाबांची नजर कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या मॉपवर गेली. आई ओरडेपर्यंत त्याचा दांडा वीतभर आखूड झाला होता. बाबांनी कानस घेऊन तुकडा चौकोनी तासला. आता तो चिकटवायचा कशाने? त्यांच्याकडे पाईपचा डिंक होता, पण तो प्लास्टिक सोडून कशालाच धरत नव्हता.

"ताई," बाबा छताकडे बघत म्हणाले, "ती कांडी..."

"ही? ही तर जोडासाठी असते."

"ताई."

"तुझ्या स्टिकला तर जोडच नाही."

"अगं ताई, सव्वानऊ झालेत!"

आत्याने कांडी दिली, पण तिच्यावर नखाने मधोमध खूण केली. "अर्धीच वापर. एवढीच आहे."

बाबांनी गाडीतून गरम हवा फेकणारी हीट गन आणली, डिंक वितळवला, खुंटीला लावला आणि ती दांड्याच्या तोंडात बसवली. अर्धी गेली आणि अडली. गरम डिंक गार होत चालला होता. बाबांनी स्टिक फरशीवर उभी धरली, पातं खाली, खुंटी वर, आणि हातोडी उचलली.

आता विचार करा. वर हातोडी, खाली दगडी फरशी. मध्ये एकही जोड नाही. मग वर बसलेला घाव जाणार कुठे?

पहिल्या घावाला खुंटी बोटभर उतरली. दुसऱ्या घावाला आणखी बोटभर. तिसऱ्या घावाला ती घट्ट बसली, वर बरोबर चार बोटं उरली आणि खालून चर्रर्र असा आवाज आला.

बाबांनी आधी वर पाहिलं. वर सगळं मजबूत होतं. मग त्यांना खाली बघावं लागलं. पातं टाचेपासून टोकापर्यंत उभं चिरलं होतं.

"जोर अजिबात गळला नाही हं," आत्या शांतपणे म्हणाली. "सगळा खाली पोचला."

बाबा खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. "मला वाटलं होतं, पोरीला चांगल्यातली चांगली वस्तू द्यावी," ते म्हणाले. "गेल्या वर्षी यादी संपली तेव्हा तिचं तोंड... मला ते परत बघायचं नव्हतं."

भिंगरी टकटक करत त्यांच्याजवळ गेली आणि स्केट्समुळे उंच झाल्याने त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. "आत्या," ती म्हणाली, "याच्यात आपलं पातं बसेल?"

आत्याने चिरलेली स्टिक उचलून डोळ्यासमोर धरली. "दांडा पोकळ आहे. खाली जरा निमुळता आहे, पण पात्याची मान तासून घेतली तर बसेल. तासणारा हात मात्र चांगला हवा. आतली फट केसाएवढीही राहता कामा नये. सांधा जमवणं हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही."

बाबांनी मान वर केली.

"कानस इकडे द्या," ते म्हणाले.

पुढची वीस मिनिटं त्या घरात फक्त कानशीचा आवाज होता. बाबांनी चिरलेलं पातं कापून टाकलं. नव्या पात्याची मान दोन वेळा घासली, बोटाने चाचपली, पुन्हा घासली. खुंटी ठोकणारे बाबा वेगळे होते आणि हे वेगळे. हे ओठ घट्ट मिटून काम करत होते. टोक गरम झालं, उरलेली अर्धी कांडी वितळली आणि मान आत गेली. हातोडी कुणी मागितलीही नाही. बाबांनी भोवती पट्टी गुंडाळली, ओलं फडकं दाबून सांधा गार केला, आणि सवयीने कान लावून तो गळतोय का हेही ऐकलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी एकसंध स्टिक तीन तुकड्यांची झाली होती. उंची बरोबर हनुवटीपर्यंत होती. वरच्या टोकाला मॉपचा निळा रंग दिसत होता.

"तो रंग झाकू का गं?" आईने विचारलं.

"राहू दे," भिंगरी म्हणाली. "हात कुठे धरायचा ते कळेल."

मैदानावर गारठा होता. प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकीला तीन फेऱ्या दिल्या होत्या. चकती घेऊन शंकूंमधून वळत जायचं आणि गोलवर फटका मारायचा. बाबा कठड्याला धरून उभे होते. भिंगरी पहिल्या फेरीला निघाली तेव्हा त्यांनी गोलकडे पाहिलंच नाही, सांध्याकडे पाहिलं. सांधा टिकला, चकती जाळ्यात गेली. दुसऱ्या फेरीतही तेच.

भिंगरीच्या मागे एक लाल टोपीवाली मुलगी होती. तिची स्टिक चकचकीत, कोरी आणि एकसंध होती. दुसऱ्या फेरीत तिने जोरदार फटका मारला आणि पात्याचं टोक तुटून चकतीच्याही पुढे निघून गेलं.

"दुसरी आहे?" बाईंनी विचारलं.

मुलीने मान हलवली. नाही.

"मग बाजूला हो, बेटा."

भिंगरीने क्षणभर आपल्या स्टिककडे पाहिलं आणि ती पुढे केली. "ही घे. आपण सारख्याच उंचीच्या आहोत. मग परत दे, माझी एक फेरी राहिलीय."

"अगं ए!" बाबा कुजबुजले. "तिला काय देतेस! जागा किती थोड्या आहेत..."

"गप बस, बाळ्या," आत्या म्हणाली.

लाल टोपीवालीने दोन पावलं टाकून स्टिकचा अंदाज घेतला, शंकूंमधून सुसाट गेली आणि चकती वरच्या कोपऱ्यात अशी मारली की गोलकीपर नुसती बघत राहिली. बाबांच्या हातून टाळी वाजली. मग आपण कुणासाठी टाळी वाजवली हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी हात खिशात घातले. "पण सांधा बघितलास?" ते आत्याला म्हणाले. "हललासुद्धा नाही."

भिंगरीची शेवटची फेरी मात्र बिघडली. फटका खांबावर आदळून बाहेर आला. बाकीच्या मुली अशा वेळी परत फिरत होत्या. भिंगरी गरकन वळली, कोपऱ्यातून चकती ओढून आणली आणि पोटावर घसरत घसरत ती गोलात ढकलली.

"फेरी संपली होती," बाई म्हणाल्या.

"हो," भिंगरी बर्फातून उठत म्हणाली. "पण चकती बाहेर राहिली होती."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

यादी पंधरा मिनिटांनी वाचली गेली. पाचव्या नावाला लाल टोपी हवेत उडाली. सहावं, सातवं, आठवं नाव झालं, आणि बाबांनी कठडा असा धरला होता की तो सांध्यातून निखळला असता. नववं आणि शेवटचं नाव भिंगरीचं होतं. आत्याने काहीतरी ओरडून सांगितलं, पण बाबांना ऐकू आलं नाही, कारण तेही ओरडत होते.

सगळं जरा निवल्यावर लाल टोपीवालीचे वडील मोडकी स्टिक काखेत धरून बाबांजवळ आले. त्यांनी भिंगरीची स्टिक हातात घेतली, तोलून पाहिली, वरच्या निळ्या टोकावरून अंगठा फिरवला.

"साहेब, ही कुठल्या बनावटीची हो? आमची दोन फेऱ्यांत गेली. तुमच्या स्टिकने दोघी खेळल्या, तरी हूं की चूं नाही."

"घरगुती आहे," बाबा म्हणाले.

"वा! आणि एकसंध ना?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या भिंगरीच्या स्केट्सच्या नाड्या सोडण्यात फारच गुंतली होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

बाबांनी घसा साफ केला.

"सुरुवातीला होती," ते म्हणाले.