गुरुवार पार्टी मोडली तेव्हा

सोनवणे आप्पा सकाळी आठ वाजता दुपारचं जेवण जेवायचे. "तिकडं साडेबारा झाले," म्हणायचे आणि भाकरी मोडायचे. तिकडं म्हणजे ऑस्ट्रेलियात! माणूस दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, नोकरी पार्सल ऑफिसात, आणि पोट मात्र ऑस्ट्रेलियाच्या घड्याळावर. काकू कपाळाला हात लावायच्या. "ह्यांची दुपार उरकली तरी माझा चहा हाय तिथंच," म्हणायच्या.

मी शेजारी, त्याच ऑफिसात कारकून. माझं इंग्रजी बरं, एवढाच माझा गुन्हा. दर शनिवारी सकाळी मधल्या भिंतीवर तीन थापा पडायच्या. "वसंता, ये रं. पोरं लागायची वेळ झाली."

पोरं म्हणजे मेलबर्न शहरातला चौघांचा एक बँड. नाव 'थर्सडेज'. आप्पांनी त्यांचं परस्पर बारसं करून 'गुरुवार पार्टी' करून टाकलं होतं. ऑस्ट्रेलियाचं स्टेशन पकडायला रेडिओची तार काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळलेली, म्हणून शनिवारी घरात धुणं बंद.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून गिटारी यायच्या, लख्ख, झणझणीत. मागून टाळ्या, आणि दोघे सख्खे भाऊ एका सुरात गायचे. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. यार्डातलं शंटिंगही ऐकू येईनासं व्हायचं. माझ्यासारख्या चिडक्या माणसालासुद्धा वाटायचं की आपण दौंडात नाहीच, कुठल्या तरी समुद्राकाठी कोवळ्या उन्हात पाय सोडून बसलोय. आप्पांचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर नाचत असायची. अडीच मिनिटांत गाणं संपायचं. "बघ," आप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "मुखडा, अंतरा, मुखडा, खलास! पाल्हाळ न्हाई."

शंभर पानी वहीत ते माझ्याकडून बँडचा इतिहास लिहून घेत. थोरला गिटार वाजवतो, धाकटा गातो. दिवसा दोघंही टायरच्या कारखान्यात. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा आप्पांनी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, "मुलगा झाला?"

"न्हाई साहेब, रेकॉर्ड निघाली."

साहेबांनी पेढा खाल्ला आणि पुढं काही विचारलं नाही.

अकरा महिन्यांत सगळं आटोपलं. रेडिओवरच्या बाईंनी एका वाक्यात उरकलं: दोघा भावांचं स्टेजवरच भांडण झालं, बँड मोडला, आता पुढचं गाणं ऐका. मी भाषांतर करून सांगितलं. आप्पांनी रेडिओ बंद केला आणि दोन दिवस कामावर आले नाहीत. अर्जात कारण लिहिलं, 'घरात वाईट बातमी.'

मला भयंकर राग आला. तरातरा गेलो. "आप्पा, तुमचा त्यांचा संबंध काय? तुमच्या लग्नात वाजवलं होतं का त्यांनी?"

"कागद घे," आप्पा म्हणाले. "थोरल्याला पत्र लिवायचंय. रेडिओवाले पोचवतील."

ते सांगत गेले, मी इंग्रजी करत गेलो. 'तू थोरला हायस. धाकट्यानं आधी बोलावं म्हणून बसू नगं. असं बसलं की वर्सं जात्यात.' इथपर्यंत ठीक होतं. मग आप्पा म्हणाले, "लिव, परण्याच्या दिवशी चूक माझी व्हती."

मी पेन खाली ठेवलं. "आप्पा, मेलबर्नमध्ये परण्या कुठला?"

आप्पा उठून दोरीवरची रेडिओची तार सोडवायला लागले. मग सगळं बाहेर आलं. शिरूरला दोघा भावांची बँड पार्टी होती. आप्पा क्लॅरिनेटवर, धाकटा बाजी मोठ्या ढोलावर. मांडवगण फराटा गावातलं लग्न. आमच्याकडं नवरदेव वाजतगाजत आधी मारुतीला जातो आणि तिथून मांडवात येतो, तो परण्या. त्या दिवशी गावात लग्नं दोन, आणि दोन्ही परण्ये एकाच वेळी मारुतीपाशी. आप्पा डोळे मिटून वाजवत होते. डोळे उघडले तेव्हा ते भलत्याच मांडवात उभे, सोबत आपले तीन गडी! इकडं बाजीनं नुसत्या ढोलावर नवरदेव आणला. सारं गाव हसलं.

"चारचौघात म्हणला, तुझं ध्यान कवाच माझ्याकडं नव्हतं. मी बी चढलो. वाजवणं तिथंच टाकलं आन् निघालो. एकच लगीनसराई वाजवली रं आमी." त्यानंतर अकरा वर्षं आप्पांनी शिरूरला पाऊल टाकलं नव्हतं.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी नवा कागद घेतला. "मग हे इंग्रजीत कशाला? मराठीत लिहितो, शिरूरला टाकू."

"बाजीला वाचता येत न्हाई," आप्पा हळूच म्हणाले. "आन् माझी माफी त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची व्हय?"

"मग स्वतः जा की! शिरूर काय ऑस्ट्रेलियात आहे?"

आप्पा उठले. काकूंनी काही न विचारता पेटीतला धुतलेला सदरा काढून दिला. मी स्टँडपर्यंत गेलो. एसटी सुरू झाली तसं आप्पांनी खिडकीतून डोकं काढलं.

"वसंता, त्यो घरी नसला तर?"

"तर ओट्यावर बसून राहा. अकरा वर्षं बसलाच आहात."

बोललो आणि जीभ चावली. पण आप्पा चिडले नाहीत.

"बसतो," म्हणाले. "त्यानं आत बोलावल्याबिगर उठायचो न्हाई."