आकाराम सुभेदारांनी पकडलेली भेसळ

भेसळ करणारा माणूस आपल्याला दहा कोसांवरून कळतो, असं आकाराम सुभेदारांचं ठाम मत होतं. फौजेतून रिटायर झाले तरी त्यांचा राग अजून ड्यूटीवर होता, आणि मोबाईलवरचे व्हिडिओ त्याला रोज रतीब घालत.

त्या दिवशीचा व्हिडिओ म्हणाला, हळद पाण्यात टाका. पिवळी राहिली तर अस्सल, लाल झाली तर भेसळ!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, शिवांजलीला, हळद लागायची होती. ती हळद इस्लामपूरच्या श्रेणिक शेठनं, सुभेदारांच्या शाळेपासूनच्या दोस्तानं, आहेर म्हणून दळून पाठवलेली.

सुभेदार आधी गोठ्यामागं गेले. तंबाखू सोडल्यापासून ते तिथं 'विचार करायला' जात. सोडली म्हणजे काय, औंधच्या यमाईच्या पायरीवर शालूबाईंनी शपथच घ्यायला लावली होती, "परत खाल्लीसा तर मी चालले शिराळ्याला माहेरी. तुमी आन तुमची म्हस!"

विचार करून आले, वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली, अंगठ्यानं घोटली.

लालभडक!

"शाले! बघ, पोरीच्या तोंडाला रंग फासतोय तुझा श्रेणिकभाऊ!"

"आवं, भाऊ मुंगीलासुदिक फसवायचं न्हाईत."

"मुंगी हळद लावती व्हय? बस गाडीवर!"

वाटेत पेट्रोलपंपामागं आणखी एकदा विचार झाला. मग शेठच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत सुभेदारांनी मूठ आपटली. "लेकीच्या हळदीत भेसळ? आजपास्नं दोस्ती संपली! मांडवात पाय ठिऊन बघ!"

श्रेणिक शेठ हसण्यावारी नेणार होते. पण एका गिऱ्हाइकानं हातातली पुडी हळूच परत ठेवली, आणि शेठ पेटले.

"चार पिढ्यांचं दुकान हाय माझं! आता हितंच बघायचं, सगळ्यांम्होरं!"

त्यांनी वाटीत पाणी घेतलं, सुभेदारांनी आणलेली तीच हळद टाकली, चमच्यानं हलवली. पिवळीधमक.

"चमचा तुझा हाय ना, म्हणून!"

"चमच्यात भेसळ हाय व्हय रं आता?"

"सर बाजूला!" सुभेदारांनी अंगठा बुडवून गरागरा फिरवला. पाणी कुंकवासारखं लाल! "बघा मंडळी! डोळं उघडून बघा!"

शालूबाई बघतच होत्या. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे त्यांनी आईच्या हाताखाली घरी करून पाहिलं होतं. त्यांनी नवऱ्याचा अंगठा धरला. नखाच्या कडेला पांढरी रेघ. वास घेतला.

"आवं," त्या लय हळू म्हणाल्या, "गोठ्यामागं कसला विचार करतासा?"

सुभेदारांनी अंगठा सोडवून मुठीत लपवला. गिऱ्हाइकानं पुडी पुन्हा उचलली. शेठ म्हणाले, "सुभेदार, भेसळ घावली म्हणायची!"

लग्न थाटात झालं. शेठ मांडवात सगळ्यांत पुढं बसले. वरात निघाली आणि मागोमाग शालूबाईंनी शिराळ्याची एस.टी. धरली.

आता सुभेदार स्वतः रांधतात. अंगठ्यावर चुना राहू नये म्हणून काल त्यांनी हळदीचे हात कपड्यांच्या साबणानं खसाखसा घासले. हात लालभडक!

साबणाचं दुकान सात किलोमीटरवर आहे. सुभेदारांनी गाडीला किक मारली आहे.