वाकडी नदी आणि सरळ किल्लेदार

एका जंगलात, बाळांनो, एक नदी वाहत होती. तिचं नाव वाकडी. तिच्यात पाणी होतं, मासे होते, पण जंगलच्या राजाला, सिंहाला, त्याचं काही नव्हतं. राजाच्या लेखी ती सरहद्द होती. नदीपलीकडे दुसरं जंगल होतं आणि तिथे दुसरा राजा होता. तोही सिंहच. आयाळही तशीच विंचरलेली. पण तो शत्रू होता, एवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

राजाच्या आजोबांनी दरबाराच्या दारात एक शिळा बसवली होती. तिच्यावर कोरलं होतं, ‘नदीच्या अलीकडचे ते आपले, पलीकडचे ते शत्रू.’ वाचायला सोपं आणि विचार करायला काहीच नाही, म्हणून ते सगळ्यांना तोंडपाठ होतं.

अलीकडच्या काठावर अढळगड नावाचा किल्ला होता. त्याचा किल्लेदार खेत्रोजी साळिंदर. बाप किल्लेदार, आजाही किल्लेदार. भाले अंगावरच, त्यामुळे शस्त्रागाराला कायमचं कुलूप. हाताखाली सशांची शिबंदी. गडाच्या पिछाडीला, हाकेच्या अंतरावर, खेत्रोजीचं घर होतं. घरात बायको गुणाई. बुरजावर उभं राहिलं की तिच्या चुलीचा धूर दिसायचा.

धूर दिसायचा, पण घरी जाता येत नव्हतं. किल्लेदारानं गड सोडायचा नाही, अशी शपथ होती. वर्षातून एकदाच मोकळीक, दसऱ्याला. त्या दिवशी त्यानं नदी ओलांडायची, पलीकडच्या मातीला पाय लावायचा, तिथल्या झाडाची आपट्याची पानं तोडायची आणि परत यायचं. असं सीमोल्लंघन झालं की ती पानं घेऊन दिवसभर घरी. खेत्रोजी सगळं वर्ष त्या एका दिवसाच्या आशेवर काढायचा.

पलीकडच्या ठाण्याचा नाईक होता उदाजी पाणमांजर. सीमोल्लंघनाच्या वेळी तो मुद्दाम पाठ फिरवून बसायचा.

“झालं का तोडून, किल्लेदार?”

“झालं.”

“मग वळू का?”

“वळा. रामराम.”

दुसऱ्या दिवशी उदाजी अलीकडे यायचा आणि खेत्रोजी पाठ फिरवून बसायचा. शत्रुत्व असं अगदी सुरळीत चाललं होतं.

एका श्रावणात वाकडीला महापूर आला. पाणी ओसरलं तेव्हा खेत्रोजी बुरजावर चढला. समोर पाहतो तर नुसती वाळू. मागे पाहतो तर नदी. गुणाईच्या चुलीचा धूर होता, पण आता तो नदीपल्याड होता.

नद्या अशाच वागतात, बाळांनो. त्यांना शिळा वाचता येत नाहीत.

ससे धूर्त होते. त्यांनी शेपट्या वर केल्या आणि पाण्याकडे धाव घेतली.

“चला, किल्लेदार! पाणी पुन्हा चढायच्या आत निघू.”

“गड सोडून? आन् शपथेचं काय?”

“गड आता आपला कुठं ऱ्हायला?”

“ह्यो काय, पायाखाली हाय की!”

ससे पोहून गेले. खेत्रोजी राहिला. त्यानं कावळ्याकरवी दरबारात निरोप धाडला, ‘नदी सरकली. गड जागेवर आहे. हुकूम व्हावा.’

निरोप ऐकून सिंहाला काही सुधरेना. त्यानं इतिहासाचार्य बगळ्याला बोलावलं. हा बगळा नेहमी एका पायावर उभा राहायचा. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले कुणीच कधी पाहिले नव्हते.

“आचार्य, नदी सरकते का हो?”

“छे, महाराज! नदी आपली माता. माता चुकत नसते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, मग तिची वाट विचारणारे आपण कोण?”

“मग सरकलं कोण?”

“गड सरकला.”

“अढळगड?”

“नावावर जाऊ नये, महाराज.”

“अहो, पण दगडाचा गड सरकेल कसा?”

“आतून कुणी ढकलल्याशिवाय नाहीच सरकणार,” बगळा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

दरबार एकदम शहारला. फितुरी! बगळ्यानं लगेच जुना इतिहास नव्यानं सांगायला घेतला. खेत्रोजीच्या आजाचे काटेसुद्धा म्हणे शत्रूच्या दिशेनंच कललेले असत. बापाचेही तसेच. सगळे माना डोलवू लागले. पहारेकऱ्याचे भाले शत्रूकडे नाही तर काय सासुरवाडीकडे रोखायचे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. राजा बोले, दळ हाले. गड टाकून पळालेल्या सशांना मात्र निष्ठावंत म्हणून मानाची पागोटी मिळाली.

इकडे उदाजी हार घेऊन गडावर आला. त्याचा चेहरा ओशाळलेला होता.

“किल्लेदार, आमचे पंडित म्हणतात की तुम्ही मूळचे आमचेच.”

“खुळावले का काय? माझा जन्म या गडावर झाला.”

“तेच तर म्हणतात. या गडावर म्हणजे आमच्यात.”

“आन् तुम्ही काय म्हणता?”

“मी नाईक आहे हो. मी फक्त हार आणतो.”

खेत्रोजीनं हार घेतला नाही. तो बुरजावर बसून दसऱ्याची वाट बघत राहिला. हुकूम आलाच नाही. दसरा मात्र आला.

त्या सकाळी खेत्रोजीनं काटे झटकून साफ केले. शपथ म्हणत होती, नदी ओलांड. मन म्हणत होतं, घरी जा. आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही एकाच दिशेला होती. त्याला इतका आनंद झाला की पोहता पोहता तो चक्क गाणं म्हणू लागला. साळिंदराचं गाणं कसं असतं ते विचारू नका.

काठावर चढून तो थेट आपल्या अंगणात आला. दारातच आपट्याचं झाड होतं. गुणाई निरांजन घेऊन बाहेर आली.

“आलासा?”

“आलो. थांब, आधी पानं तोडतो. रीत हाय.”

त्यानं पहिलं पान तोडलं आणि कुंपणाआड दबा धरलेल्या राजाच्या लांडग्यांनी झडप घातली. गुणाईच्या हातातलं निरांजन विझलं. खेत्रोजीला मुसक्या बांधून दरबारात उभं केलं.

“काय करत होतास?” सिंहानं विचारलं.

“सीमोल्लंघन, महाराज.”

“कबुली दिली!” बगळा ओरडला. “शत्रूनं आपल्या भूमीवर सीमोल्लंघन केलं! हातात पान सापडलं!”

“मी शत्रू न्हाई, महाराज. मी तुमचा किल्लेदार.”

“कुठून आलास?”

“गडावरून.”

“गड नदीच्या कुठल्या अंगाला आहे?”

आता इथे जरा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण खेत्रोजीला ती कला येत नव्हती. त्यानं मान खाली घातली.

“पल्याडच्या.”

सिंहानं शिळेकडे बोट दाखवलं. खटला संपला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. खेत्रोजी पिंजऱ्यात गेला.

पुढच्या श्रावणात वाकडीला पुन्हा पूर आला आणि ती जुन्या वाटेनं परत गेली. अढळगड पुन्हा अलीकडे आला. मग काय, नगारे वाजले. सिंहानं रक्ताचा थेंब न सांडता गड जिंकला होता! ससे म्हणाले, आम्ही आघाडीवर होतो.

गुणाई धावत दरबारात गेली.

“म्हाराज, नदी आली, गड आला. आता माझं धनी सोडा.”

“कोण धनी?” बगळ्यानं विचारलं.

“तुमचं किल्लेदार, खेत्रोजी.”

“बाई, ते गड राखता राखता कामी आले. आपण वीरपत्नी आहात. आम्ही त्यांचं भव्य स्मारक बांधतो आहोत.”

“अवं, कामी कशाला येत्यात? ते काय समोर पिंजऱ्यात बसल्यात की!”

“तो शत्रू. विजय झाला की मिरवणुकीत एक तरी शत्रू लागतो. आमच्याकडे तो एकच आहे.”

गुणाईनं सिंहाच्या तोंडाकडे पाहिलं. सिंह आयाळ विंचरत होता.

अढळगडाच्या पायथ्याशी स्मारकाचं काम जोरात सुरू झालं. दगड वाहायला कैदी हवा होता आणि कैदी एकच होता. त्यामुळे खेत्रोजीनं स्वतःच्या चौथऱ्याचे दगड स्वतःच्या पाठीवर वाहिले. पाठीवरचे काटे मोडले. पुतळ्याचे मात्र एकूण एक शाबूत होते, आणि कुणी शंका घेऊ नये म्हणून ते आभाळाकडे रोखलेले होते.

दसऱ्याला अनावरण झालं. सगळं जंगल लोटलं. गुणाईच्या हातात आपट्याचं पान देऊन बगळा म्हणाला, “हे वीराच्या चरणी वाहा.”

गुणाई निघाली. पुतळ्यापाशी थांबली नाही. चौथऱ्यामागे एक बोडका, धुळीनं भरलेला कैदी दगडाला टेकून बसला होता. तिनं त्याच्या पंजात पान ठेवलं.

“सोनं घ्या, धनी. सोन्यावानी ऱ्हावा.”

खेत्रोजी ढसाढसा रडला. पुतळ्याच्या समोर उभ्या असलेल्या एकाच्याही डोळ्यात पाणी नव्हतं, कारण तसा हुकूम नव्हता.

“वीरपत्नीला शोकानं भ्रम झाला आहे,” बगळ्यानं जाहीर केलं आणि लांडगे तिला घरी पोचवून आले.

पुढे एका पावसाळ्यात वाकडी परत वळली. या खेपेला गडाबरोबर पुतळाही पलीकडे गेला. तिथल्या राजानं त्याला हार घातला आणि हा वीर मूळचा आमचाच, असं सांगितलं. गर्दीत एकटा उदाजी पुतळ्याकडे पाठ फिरवून बसला होता.

अलीकडच्या दरबारानं आता आणखी उंच स्मारक काढलं आहे. खेत्रोजी दगड वाहतोच आहे. मधूनच तो मान वर करतो. तिथूनही गुणाईच्या चुलीचा धूर दिसतो.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी निष्ठावंत म्हणवून घ्यायचं असेल तर एका जागी कधी उभे राहू नका. नदी सरकली की शेपूट वर करून तिच्याबरोबर सरका. आणि ज्यांना जागा सोडवतच नाही, त्यांनी लहानपणापासून दगड उचलायची सवय ठेवावी. पुतळा त्यांचाच व्हायचा असतो.