तात्यांची टाकी उकळता कामा नये

भर मे महिन्यातल्या रविवारी दुपारी कोणी तुमच्या दाराची कडी वाजवली आणि "ऊठ, कडक पान्यानं आंघूळ करून घे," असं फर्मावलं, तर तुम्ही काय कराल? आम्ही मुकाट्यानं टॉवेल घ्यायचो. कारण दारात तात्या असायचे आणि त्यांच्या हातात आमच्यासाठी रिकामी बादली असायची.

तात्या म्हणजे आमचे घरमालक. जांबे गावात त्यांची भाताची खाचरं होती. आयटीवाले आले तशी निम्मी जमीन गेली आणि उरलेल्या तुकड्यावर तात्यांनी भाड्याच्या खोल्यांचे मजले चढवले. गच्चीवर सोलर बसवला. खाली काचेच्या नळ्यांची रांग, वर टाकी. "बिल्डिंगभर पोरं हायेत, पानी कमी पडाया नको," म्हणून दुकानातली सगळ्यात मोठी टाकी उचलली. थंडीत आम्ही त्यांना दुवा द्यायचो. पण उन्हाळ्यात सूर्य सुट्टी घेत नाही आणि गरम पाण्याला गिऱ्हाईक नसतं. टाकी तापत तापत उकळायला लागते आणि वाफ सोडायच्या नळीतून फुसफुस सुरू होते. त्या फुसफुशीला तात्या जेवढे भ्यायचे, तेवढे बिबट्यालाही भ्यायचे नाहीत.

भाडेकरूंची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. मी उदगीर. माझा रूममेट अकोला. वरच्या मजल्यावर सातारा, आणि त्याच्या शेजारी धाकटा सातारा.

"काय रं उदगीर, आंघूळ झाली का?"

"सकाळीच झाली, तात्या."

"मंग दुसरी कर की! टाकीच्या अंगात लई ताप हाय."

हा ताप ते स्वतः बघायचे. आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा तळहात पाइपाला लावायचे, "स्स" करून मागे घ्यायचे आणि खाली येऊन उपाय सुरू करायचे. आमच्या बाइक गरम पाण्यानं धुऊन निघायच्या. धुतलेल्या गोधड्या पुन्हा भिजायच्या. पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही "घामेजलायस, दोन तांबे घे अंगावर," असा आग्रह व्हायचा. एकानं खरंच घेतले. मागच्या मोरीत मनसोक्त न्हाऊन, भांग पाडून तो गेला, आणि अकोल्याची बिर्याणी तेवढा वेळ पायरीवर गार होत राहिली.

शेवटी साताऱ्यानं प्लंबर आणला. त्यानं गच्चीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "तात्या, एवढा कुटाना कशाला? शेतात टाकता ना, तसलं शेडनेट टाका नळ्यांवर. ऊन लागलं न्हाई तर उकळंल कसं?"

तात्यांनी नेट आणलं, घडी घालून माळ्यावर ठेवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. आम्ही विचारलं की भडकायचे. "झाकायचं कशापायी? ते काय लोनचं हाय? मानसं हायेत की माझ्या घरात!"

अशात माझं लग्न ठरलं. मे महिन्यातच, उदगीरला. बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं निघाली, गाडीही ठरली. मला मात्र तात्या हवे होते. मला कावीळ झाली तेव्हा रोज मऊ भात घेऊन जिना चढणारा माणूस मांडवात नसेल, तर मला ते लग्न अर्धंच वाटलं असतं. पत्रिका घेऊन गेलो. तात्यांनी तारीख वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"समदेच जानार?"

"समदेच. तुम्हीसुद्धा."

"मंग पानी कोन वापरंल?"

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

"नेट टाका की, तात्या. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

तात्या पत्रिकेवरच्या गणपतीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "लाकडाऊनमधी पोरं असंच म्हनली. 'चार दिसांत येतो, तात्या.' आख्खा पावसाळा गेला. तुझी काकू आदल्या सालीच गेल्याली. खाली मी एकला, आन ऊन पडलं की वर टाकी उकळतीय. फुस्स, फुस्स. टीव्ही मोठा केला तरी ऐकू यायचं. घरात मानूस न्हाई, म्हनून वराडतीय ती, असं वाटायचं."

"म्हणून तर नेट..."

"नेट टाकलं की आपनच कबूल केल्यावानी व्हतंय, उदगीर. कुनी येनार न्हाई म्हनून."

इतके उन्हाळे मी या माणसाच्या आंघोळीच्या आग्रहाची ऑफिसात नक्कल करून दाखवत होतो. मी एवढंच म्हणालो, "तात्या, मी तुमची वाट बघीन."

निघायच्या सकाळी गाडी दारात लागली आणि तात्या कुठे दिसेनात. अकोल्यानं वर बोट दाखवलं. गच्चीवर तात्या कडक इस्त्रीच्या टोपीत, सोलरवर हिरवं नेट पसरून सुतळीनं गाठी मारत होते. सगळ्या नळ्या झाकल्या, एकही सोडली नाही. खाली उतरले, गाडीत बसले आणि सगळ्यांवर नजर फिरवून म्हणाले, "पर समद्यांनी परत यायचं."

मांडवात त्यांनी माझ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. सासरे गोंधळून "झाली" म्हणाले आणि तात्या प्रसन्न झाले.

पोरं तात्यांना घेऊन लगेच परतली. मी आणि बायको आठवड्यानं आलो. ती औसा गावची. अकोला तोवर वरच्या खोलीत हलला होता. बॅगा दारात ठेवतो न ठेवतो तोच तात्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. नेट काढलेलं होतं. फक्त टोकाच्या दोन नळ्या हिरव्या तुकड्यांत गुंडाळलेल्या होत्या.

"ही तुझी, आन ही हिची," म्हणत तात्यांनी दोन्ही सुतळ्या सोडल्या. नळ्या उन्हात चमकल्या. तात्यांनी पाइपाला तळहात लावला, "स्स" करून काढला आणि माझ्या बायकोकडे वळले.

"काय गं औसा, आंघूळ झाली का?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "नाही तात्या. बादली कुठाय?"