कमी तेलाच्या मानकऱ्याची हकीकत

श्रीमारुतराय प्रसन्न, ज्यांनीं समुद्र उल्लंघिला आणि भाडें मागितलें नाहीं. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं एका आकाशराज्यांत वर्तमान घडलें ऐसें जे, राज्यास विमानें चाळीस, तींही परमुलखींच्या सावकारांचीं, भाड्यानें आणिलेलीं, आणि शेजारील राज्यानें तिकीट उतरविलें म्हणोन महाराजांनींही ईर्ष्येस पेटून उतरविलें, मग तिकीट पाण्याचे मोलें आणि तेल सोन्याचे मोलें ऐसें जाहलें, आणि विमानें जों जों भरून जात तों तों खजिना रिता होत जाय. मग दिवाण गोंदोपंत यांनीं अक्कल चालविली. खिडकीस पैसा, बोचक्यास पैसा, घोटभर पाण्यास पैसा. श्वास तेवढा फुकट राहिला, तो पंतांचे ध्यानीं आला नाहीं म्हणोन! तरी पुरेना. मग हुकूम सुटला जे, विमानांत तेल मुक्काम गांठण्यापुरतेंच घालावें, आणि विमान हांकणारा जो सरदार कमी घेईल त्यास शाल द्यावी, आणि जो वरकड घेईल त्याचें नांव वेशीवर टांगावें.

वेशीवर नांव लागलें सरदार रेणुकाबाई बारटक्के यांचें. तेलाचा अखेरचा शब्द विमान हांकणाराचा, ही आकाशींची जुनी चाल, आणि बाईंनीं ती कधीं मोडली नव्हती. नांव पाहतांच बाईंचे अंगाचा तिळपापड जाहला आणि तैशाच दरबारीं गेल्या.

पंत बोलिले, "बाई, बाकीचे सरदार कमी तेलांत जातात कीं!"

"जातात खरे, पण उतरेपर्यंत देव आठवीत जातात. खालीं पाऊस असला, जागा मोकळी नसली, तर आभाळांत विमान कडेस लावून उभें करूं काय?"

"राज्य बुडत आहे, आणि तुम्हांस तेल सुचतें?"

"राज्य बुडालें तर दुसरें मांडाल, पंत. माणसें कोठून आणाल?"

पंत संतापले आणि म्हणाले, "पट्टे उतरवा." विमान हांकणें हाच बाईंचा प्राण, परंतु खांद्यावरील चार पट्टे काढतांना मान लवली नाहीं. पट्टे गादीपुढें ठेविले आणि चालत्या झाल्या.

मग पुढले महिन्यांत राजकन्येचें लग्न सागरतीरीं ठरलें, आणि प्रस्थानाचे दिवशीं आभाळ काळेंभोर भरून आलें. महाराजांनीं पुसिलें, "विमान कोण हांकितो?" पंत हर्षें बोलिले, "शालीचा मानकरी, महाराज! सर्वांत कमी तेल घेणारा." महाराजांचे तोंडचें पाणी पळालें. म्हणाले, "त्यास आणिक एक शाल द्या, आणि बारटक्केबाईंस बोलवा."

बाई आल्या, पट्टे हातीं घेतले, परंतु लाविले नाहींत. बोलिल्या, "आज भरीन तितकें तेल उद्यांही भरीन, आणि सगळे सरदार भरतील. रोज मागें बसतात तीं माणसें महाराजांचीं सोयरीं नसतील, कोणाचीं तरी आहेतच. हुकूम फाडा, मग विमान उठेल." पंत पुटपुटले, "अरेरावी आहे ही!" "आहे," बाई म्हणाल्या. बाहेर वीज कडाडली, आणि महाराजांनीं हुकूम स्वहस्तें फाडिला.

पुढें वर्षभरांत सावकार येऊन आपलालीं विमानें घेऊन गेले, आणि राज्य लयास गेलें. चाळीस नेलीं, चाळीसही धड होतीं. बाईंचे तेलानें राज्य बुडालें ऐसें पंत अद्याप सांगत फिरतात, खुशाल सांगोत. त्या राज्यांत जो जो चढला तो तो उतरला, इतकी हकीकत खरी. इति.