गावंडेभाऊंचं ‘किती पट?’

तिवशाच्या एका लग्नात गावंडेभाऊंनी माईकवर मंगलाष्टकं सुरूच होऊ दिली नाहीत. “आधी सगळ्यात मोठ्या आवाजाची आत्या आना,” म्हणाले. आत्या आल्या, माईकवरूनच भाच्याला दोन शिव्या हासडल्या. भाऊंनी आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं आणि मगच लग्न लागलं.

अकोल्यात दालमिलची यंत्रं तपासायचं माझं काम आहे. यंत्राला सेन्सर लावायचा, त्याचा सिग्नल लॅपटॉपवर उतरवायचा. आत घेताना तो किती पट मोठा करायचा, तो गेन. जास्त ठेवला तर वरचा भाग कापला जातो. कमी ठेवला तर बारीकसारीक दिसतच नाही. आमच्याकडे गेन गावंडेभाऊ ठरवतात. त्यासाठी यंत्र तीनदा चालू-बंद करायला लावतात. मालक वैतागला की म्हणतात, “काहून घाई करून राहिले शेठ? किती पट, थे ठरू द्या.” चहात साखर किती विचारलं, तरी आधी “कप केवढा हाय?”

असा माणूस मागच्या महिन्यात आठ दिवस गप्प होता. त्यांच्या बायकोचा, शोभाताईंचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेलेला. थोडी जरी पकड आली तरी आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. भाऊंनी माझ्याकडून वजनाचा सेन्सर नेला आणि मुठीत मावेल अशा लाकडी दांड्यात बसवला. शेवटी मीच विचारलं.

“काईच नाई ताई. लॅपटॉपवरची रेघ सपाट. शोभा म्हनते दाबून राहिली, पन...”

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. लॅपटॉपवर सेटिंग उघडलं. एक पट. मिलमधली भरलेली पोती मोजताना ठेवलेला गेन तसाच होता.

“भाऊ, बायकोचा हात पोत्यांच्या गेनवर मोजला तुम्ही?”

भाऊंनी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. “मले सुचलंच नाई.”

“मी... सांगून राहिली होती,” शोभाताई अडखळत म्हणाल्या. “दाबून राहिली म्हून.”

मी गेन शंभरपट केला. रेघ थरथरायला लागली. भाऊ पुढे वाकले. “ही तारांची थरथर आहे,” मी म्हटलं, “हिच्यात हात शोधू नका.”

“दाब,” शोभाताईंच्या उजव्या मुठीत दांडा देत भाऊ म्हणाले.

थरथरीतून रेघ वर निघाली. बोटभर, पण स्वच्छ.

“सोड आता, थकशीन.”

रेघ खाली आली नाही; शोभाताईंनी दांडा दाबूनच धरला होता. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या, भाऊंकडे बघत होत्या. भाऊंनी पुन्हा ‘सोड’ म्हटलं नाही.