कोंबड्यांचा चातुर्मास

यंदा सप्ताहाचं यजमानपद आपल्याच घरी येणार, याबद्दल योगराजला तिळमात्र शंका नव्हती. फैजपूरजवळच्या त्याच्या गावात काल्याच्या दिवशी यजमानाला फेटा बांधतात आणि कीर्तनकाराच्या शेजारी बसवतात. अट एकच, चातुर्मासात त्यानं कांदा-लसूण खायचा नाही. योगराजची आई, अक्का, तर लसणाचं नाव ऐकलं तरी चूळ भरायची. बायको नूतननं माहेरच्या चौदा माणसांना आमंत्रणं धाडून ठेवली होती.

आता असा हा सोवळा माणूस शेतात तीन हजार ब्रॉयलर कोंबड्या कसा पाळतो, असं तुम्ही विचाराल. अहो, तो धंदा! धंदा आणि चातुर्मास यांना गावात कोणी एका ताटात वाढत नाही.

घोळ केला तो कंपनीच्या डॉक्टर मोनाली मॅडमनी. पिल्लं कंपनीची, सांभाळायची योगराजनं, असा करार होता. मॅडम म्हणाल्या, "या बॅचला अँटिबायोटिक बंद. त्याऐवजी रोज तीन किलो लसूण ठेचून खाद्यात कालवायचा. सोबत हळद आणि ओवा."

"लसूणच पाहिजे का मॅडम? कोथिंबीर नाही चालणार?"

"कोंबड्या पाळताय की भेळ करताय?"

झालं. वीस किलोची गोणी शेडच्या खोलीत येऊन पडली. नूतन लसणाला हात लावेना, म्हणून योगराज एकटाच सोलायला बसायचा. कोंबड्या ठणठणीत झाल्या, पण वास योगराजच्या कातडीत मुरला. साबण झाला, लिंबू झालं, चुलीतली राख झाली, तरी हटेना. पाचव्या दिवशी हरिपाठाला शेजारी बसलेल्या तोताराम आबांनी टाळ मध्येच थांबवले. आबा म्हणजे सप्ताह कमिटीचे अध्यक्ष.

"योगराज, लसूण खाऊन राहिला का रे भो?"

"नाही आबा, शपथ. कोंबड्यांना घालतो."

"चातुर्मासात? कोंबड्या कोणाच्या?"

"माझ्या."

"म्हणजे घरच्याच झाल्या."

देवळात हरिपाठ राहिला बाजूला आणि कोंबड्यांना चातुर्मास लागू होतो की नाही, यावर तासभर खल झाला. शेवटी धुळ्याकडून येऊन गावात स्थायिक झालेले झिपरू नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पिल्लं कंपनीना शेतस ना? मग चातुर्मास बी कंपनीनाच." हा मुद्दा कोणाला खोडता येईना. कोंबड्या सुटल्या. मात्र सगळा लसूण त्यांच्याच पोटात जातो, माणसाच्या नाही, हे कमिटी डोळ्यांनी बघणार असं ठरलं.

सगळे शेडवर आले. कोंबड्या तोलायचा काटा आबांनी टांगला आणि उरलेली गोणी त्याला अडकवली. पाच दिवसांचा लसूण झाला पंधरा किलो, म्हणजे पाच उरायला हवे होते. काटा साडेचारावर थांबला.

"अर्धा किलो कोणी खाल्ला?" आबांनी विचारलं.

योगराज गोणीत डोकावला. त्यानं एक पाकळीसुद्धा तोंडात टाकलेली नव्हती. तेवढ्यात त्याची नजर दारामागच्या खिळ्याकडे गेली. तिथं अक्काची जपाची पिशवी लटकत होती. योगराजच्याच जुन्या सदऱ्याची, अक्कानं हातानं शिवलेली. घरात पोरं दंगा करतात म्हणून ती रोज दुपारी इथं जपाला यायची. त्यानं पाठ करून पिशवीत हात घातला. माळ नव्हती. चतकोर भाकरी होती आणि डबीत लालभडक लसणाची चटणी.

त्याला आधी हसू आलं, मग त्यानं आबांकडे चोरून पाहिलं. खरं सांगितलं तर फेटा डोक्यावर. पण सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीची गावभर शोभा झाली असती. त्यानं डबी खिशात सरकवली.

"मीच खाल्ला आबा. राहवलं नाही."

नूतननं कपाळावर हात मारला. आबांनी योगराजचं नाव तिथल्या तिथं खोडलं आणि देवळाला एक्कावन्न प्रदक्षिणा ठोठावल्या. पण मंडप सांगून झालेला, आचारी ठरलेला. आता यजमान कोण? कमिटीनं पाच मिनिटं कुजबुज केली. मग आबा गहिवरून म्हणाले, "असल्या पोराच्या घरात राहून जिनं व्रत मोडलं नाही, ती माउलीच यजमान!"

अक्काला बोलावणं गेलं. ती आली, तोंडावर पदर धरून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाकडे असं बघितलं की योगराजला क्षणभर वाटलं, लसूण खरंच आपणच खाल्ला असावा.

प्रदक्षिणा मोजायलाही तिलाच पायरीवर बसवलं. सातव्या फेरीला तो जवळून गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "योग्या, तोंडाला चवच राहिली नाही रे आता. भाकर उतरत नाही."

योगराजला भरून आलं. फेटा गेला तर गेला, असं त्याला मनापासून वाटलं. डोळे पुसत त्यानं आठवी फेरी पूर्ण केली आणि आईसमोर हात जोडून उभा राहिला.

अक्कानं इकडेतिकडे पाहिलं.

"ते असू दे. डबी दे आधी. आणि ही सहावीच फेरी धरते मी, माझी पिशवी विचारल्याशिवाय उघडली म्हणून."